सहज दिसणारं रान

तमिळनाडूत पोल्लाचीकडून वालपराईला चढणाऱ्या घाटाला चाळीस हेअरपिन वळणं आहेत. ती संपवून गाडी अनमलाईच्या पठारावर आली की दोन्ही अंगांना चहाचे मळे लागतात, आणि गावाच्या थोडं अलीकडे, पुदुत्तोट्टम नावाच्या मळ्यापाशी, रस्ता रानाच्या एका तुकड्यातून जातो. इथे पुष्कळदा गाड्या खोळंबलेल्या असतात. कठड्यावर, विजेच्या तारांवर, कधी थेट डांबरावर काळी कुळकुळीत माकडं बसलेली असतात. तोंडाभोवती राखाडी आयाळ, शेपटीच्या टोकाला झुपका. हा सिंहपुच्छ वानर. तमिळमध्ये त्याला ‘सोलै मंदी’ म्हणतात, म्हणजे दाट रानातलं माकड. कर्नाटकातल्या सिरसी-होन्नावरच्या रानांपासून दक्षिणेकडचा सह्याद्री सोडला तर जगात तो कुठेच नाही, आणि पूर्ण वाढ झालेले वानर अडीच हजारांहून कमी उरले असावेत असा अंदाज आहे. इतका दुर्मीळ प्राणी इथे गाडीची काच खाली करून, मोबाइलवर, दोन मिनिटांत टिपता येतो. फोटो घेणारा माणूस स्वतःला नशीबवान समजतो.

पण हा वानर जमिनीवर उतरणारा प्राणी नव्हे. त्याचं खाणं, झोपणं, पिलं वाढवणं सगळं झाडांच्या शेंड्यांवर चालतं. खालच्या जमिनीशी त्याचा संबंध जेमतेम. तो डांबरावर दिसतो, कारण वरच्या वर जायला वाट उरलेली नाही. पुदुत्तोट्टमचा तुकडा पुरता शंभर हेक्टरांचाही नाही. चहूकडे चहा, मधून रस्ता, कडेला कामगारांच्या वसाहती. इथल्या वानरांची संख्या गेल्या काही दशकांत वाढत शंभराच्या पुढे गेली, आणि वाढलेल्या टोळ्यांना सरकायला दुसरं रान जोडून नाही. मग ही माकडं कॉफीची फळं खातात, परसातले पेरू खातात, घरांची कौलं उचकटून स्वयंपाकघरात शिरतात. पर्यटकाला जे ‘साइटिंग’ म्हणून मिळतं, ती एका कोंडलेल्या कळपाची रोजची धडपड असते.

पर्जन्यवनात प्राणी सहज आणि ढीगभर दिसणं ही बहुतेक वेळा त्या रानाची प्रकृती बिघडल्याची खूण असते. धडधाकट रान आपले प्राणी लपवतं. रान पाहायला जाणाऱ्यांच्या, त्यांना नेणाऱ्यांच्या आणि रानाचं भवितव्य ठरवणाऱ्यांच्या हिशेबात ही गोष्ट अजून शिरलेली नाही, आणि त्याची किंमत फार मोठी आहे.

मराठी माणसाची जंगल पाहण्याची सवय ताडोबाने घडवली आहे. ताडोबा हे पानगळीचं, सागाचं आणि बांबूचं रान. एप्रिल-मे उजाडला की साग उघडाबोडका होतो, ओढे आटतात, उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर चितळ, सांबर, गव्यांना आणि त्यांच्या मागोमाग वाघाला यावंच लागतं. जिप्सी पाणवठ्याशी लावून थांबलं की पुष्कळदा काम होतं. फाटकातून बाहेर पडणाऱ्या गाडीला आत जाणारी गाडी एकच प्रश्न विचारते, साइटिंग झालं का? त्या कोरड्या रानाच्या स्वभावाला हा प्रश्न काही अंशी धरूनही आहे. तिथली व्यवस्थाच प्राण्यांना ठरावीक ठिकाणी, ठरावीक वेळी उघड्यावर आणते.

हीच सवय घेऊन माणूस आंबोलीला, कर्नाटकातल्या आगुंब्याला, वालपराईला किंवा बोर्निओला जातो तेव्हा सगळंच उलटं होतं. पाणी सगळीकडे आहे, म्हणून पाणवठ्यावर कुणाची वाट पाहण्यात अर्थ नसतो. पानं बारा महिने झाडावर असतात. तीस-चाळीस मीटर उंचीवर झाडांचे शेंडे एकमेकांत गुंतून छत तयार होतं आणि त्या छतावर पडलेल्या उन्हातला शंभरातला एखाद-दुसरा भागच जमिनीपर्यंत पोचतो. ऊन वर, म्हणून कोवळी पालवी वर, फुलं-फळं वर आणि खाणारेही वर. खाली गवत जवळजवळ नाही, त्यामुळे गवतावर जगणारे कळपही नाहीत. माणूस चालतो ती या घराची तळघरासारखी अंधारी पडवी असते. तिथे त्याला दिसतात मुळं, बुरशी, जळवा आणि वरून कुणीतरी अर्धवट खाऊन टाकलेलं फळ.

आणखी एक गोष्ट आहे, जी पहिल्यांदा येणाऱ्याला चकवते. पर्जन्यवनात जाती अतोनात असतात, पण प्रत्येक जातीचे जीव विरळ असतात. सागाच्या रानात एक साग दिसला की शेजारी दुसरा असतोच. इथे एखादं झाड आवडलं आणि तसंच दुसरं शोधू म्हटलं तर दिवस मोडतो. आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने हे एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवलं होतं.

वॉलेसचीच एक हकिगत या विषयात फार बोलकी आहे. मार्च १८५५ मध्ये तो बोर्निओतल्या सारावाकमध्ये सिमुंजन नदीकाठी पोचला. तिथे कोळशाची खाण सुरू होत होती. वाटेसाठी आणि कामासाठी रान तोडणं चाललं होतं आणि कापलेले ओंडके, फांद्या, सालपटं यांचे ढीग पडले होते. वॉलेसला तिथे भुंगेऱ्यांची अक्षरशः खाण लागली. एका दिवसात त्याने शहात्तर जातींचे भुंगेरे गोळा केले आणि त्यातले चौतीस त्याने पूर्वी कधीच पाहिलेले नव्हते. कामगारांना तो प्रत्येक किड्यामागे एक सेंट देई. बोर्निओत त्याने जमवलेल्या सुमारे दोन हजार जातींपैकी शंभरेक सोडल्या तर बाकी साऱ्या या एकाच ठिकाणी, जेमतेम एका चौरस मैलात मिळाल्या. एवढा लाभ का झाला याचं कारण त्याने स्वतःच सांगितलं आहे. नुकतं पडलेलं लाकूड आणि झाडं तोडून मोकळी झालेली, ऊन पोचणारी जागा. ताज्या लाकडाच्या वासाने आसपासच्या रानातले भुंगेरे तिथे लोटत होते.

ज्या ओंडक्यांनी वॉलेसचे डबे भरले ते ओंडके म्हणजे पडलेलं रान होतं. त्याचा दोष नाही. त्या काळाच्या मानाने त्याच्याइतक्या आस्थेने उष्णकटिबंधातलं रान पाहणारा माणूस विरळा. तरी त्याची ती मोठी सुगी हे रानाच्या जखमेवर आलेलं पीक होतं, हे आज विसरता येत नाही.

त्याच बोर्निओच्या साबा राज्यात आज किनाबातांगान नदीवर पर्यटकांच्या होड्या फिरतात. सुकाऊ गावातून संध्याकाळी होडी निघते आणि तास-दोन तासांत लांब नाकाची माकडं, धनेश, मगरी, नशीब जोरावर असलं तर बोर्निओचे बुटके हत्ती आणि ओरांगउटानही दिसतात. आशियात पर्जन्यवनातले प्राणी इतक्या आरामात दिसण्याच्या जागा फार थोड्या. लांब नाकाच्या माकडाला झोपायला नदीकाठचीच झाडं लागतात, हा एक भाग झाला. दुसरा भाग होडीतून दिसत नाही. नदीकाठच्या हिरव्या पट्ट्याच्या पाठीमागे, काही ठिकाणी अगदी थोड्या अंतरावर, तेलमाडाच्या बागा सुरू होतात त्या क्षितिजापर्यंत. २००५ मध्ये इथे सुमारे २६ हजार हेक्टरांचं अभयारण्य जाहीर झालं, पण तेही सलग नाही, तुकड्या-तुकड्यांचं. प्राणी काठावर दाटले आहेत, कारण मागे जागा नाही. होडीतल्या माणसाला जे वैभव वाटतं ते दाटीवाटीचं निर्वासित जगणं आहे.

इथे एक आक्षेप रास्त आहे आणि तो बाजूला सारू नये. किनाबातांगानच्या काठावरच्या गावांना होड्यांमुळे रोजगार मिळतो आणि उरलेला पट्टा राखण्यात त्यांचं हित तयार होतं. प्राणी दिसतात म्हणून पैसा येतो, आणि पैसा येतो म्हणून निदान तेवढं रान टिकतं. ताडोबाच्या आसपासच्या गावांतले गाइड, जिप्सीचालक, खानावळी चालवणाऱ्या बाया हेच सांगतील, आणि ते खोटं नाही. दुखणं वेगळं आहे. दिसण्यावर किंमत ठरायला लागली की जिथे काही दिसत नाही त्या रानाची किंमत शून्य धरली जाते.

सिंधुदुर्गातल्या सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्याचं उदाहरण घ्यावं. गोव्याची, कर्नाटकाची आणि कोल्हापूरची रानं जोडणारा हा दुवा. इथून वाघांची ये-जा होते हे पाऊलखुणांवरून आणि स्वयंचलित कॅमेऱ्यांवरून कळतं. पर्यटकाला तो दिसण्याची शक्यता नसल्यात जमा. जीपभर माणसांना दाखवायला काही नाही, म्हणून हा डोंगर अनेकांच्या लेखी ‘नुसतं रान’ राहिला. त्यावर रबर चढलं, अननस चढला, खाणींचे अर्ज चढले. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला या पट्ट्यातल्या वृक्षतोडीवर बंदी घालावी लागली. २०२० मध्ये तिलारीचं सुमारे साडेएकोणतीस चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव झालं. पण एवढ्याने सबंध पट्टा सुरक्षित झाला असं समजणं भाबडेपणाचं होईल.

न दिसणाऱ्या रानासाठी माणसं उभी राहत नाहीत असं मात्र नाही. केरळातल्या सायलेंट व्हॅलीचं धरण अडवलं गेलं ते सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकातल्या चळवळीमुळे. तिच्यात शास्त्रज्ञ होते, कवी होते, केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे शिक्षक-कार्यकर्ते होते. याच सिंहपुच्छ वानराचं नाव त्या लढ्याची खूण झालं. त्या आंदोलकांपैकी किती जणांनी तो वानर रानात प्रत्यक्ष पाहिला असेल? फार थोड्यांनीच, असंच वाटतं. तरीही १९८४ मध्ये ते खोरं राष्ट्रीय उद्यान झालं. गोव्यात मोलेचं रान वाचवायला २०२० पासून विद्यार्थी, चित्रकार, वकील, शास्त्रज्ञ एकत्र आले आणि मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथून जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. रान टिकायला ते दिसावंच लागतं असं नाही. त्याबद्दल कुणीतरी नीट सांगितलेलं असावं लागतं.

पर्जन्यवनात जाऊन पाहायचं तरी काय, याचं उत्तर आंबोली देते. सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणारं हे घाटमाथ्यावरचं गाव. शनिवार-रविवारी धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते, ती गर्दी धबधब्याखाली भिजून परत जाते. मिरगाचा पाऊस स्थिरावला की रात्री त्याच आंबोलीत वेगळाच बाजार भरतो. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर मलबारच्या उडत्या बेडकाची जोडी पायांनी फेस घुसळून पांढरं घरटं करते. अंडी फुटली की डिंभक थेट खालच्या पाण्यात टपकतात. ओल्या मातीत देवगांडूळ वळवळतं. ते गांडूळ नाही आणि साप तर नाहीच, ते बेडकाचं बिनपायांचं भावंड. आणि सड्यावरच्या कातळातल्या उथळ डबक्यांमध्ये आंबोली टोड अंडी घालतो. हा चिमुकला भेक शास्त्राच्या पुस्तकात २००९ मध्ये आला. त्याच्या गटात दोनच जाती, दुसरी कोयनेची. आंबोलीच्या परिसराबाहेर तो जवळपास नाही. पाऊस चार दिवस दडी मारून बसला तर डबकं आटतं आणि त्याबरोबर ती सगळी वीण जाते.

इथे पाहणं सोपं आहे आणि रानही बऱ्यापैकी शाबूत आहे, मग वरचा सगळा मुद्दा खोटा पडतो का? पडत नाही, पण त्याला मुरड घालावी लागते. आंबोलीत जे दिसतं ते बोटाच्या पेराएवढं असतं आणि त्यासाठी वाकावं लागतं. पर्जन्यवन मोठे प्राणी लपवतं आणि लहान प्राणी माणसाच्या पुढ्यात ठेवतं. अडचण माणसाच्या नजरेच्या मापात आहे. हिरण्यकेशीचं उदाहरण तर विलक्षण आहे. आंबोलीतल्या या तीर्थावर भाविक पिढ्यान्पिढ्या येत आहेत. तिथल्या पाण्यातला एक छोटा मासा शास्त्राला नवा आहे हे २०२० मध्ये कळलं, आणि त्याला हिरण्यकेशीचंच नाव मिळालं. पुढच्या वर्षी महाराष्ट्र सरकारने ती दोन हेक्टरांहून किंचित मोठी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मासा कुठे दडलेला नव्हता. माणसांच्या पायांशीच पोहत होता.

मात्र आंबोलीवर आता वेगळं संकट आहे, आणि ते धबधब्यावरच्या गर्दीने आणलेलं नाही. ते रानावर प्रेम करणाऱ्यांनीच आणलं आहे. मलबार चापडा हा साप एकाच फांदीवर वेटोळं घालून रात्रीमागून रात्री भक्ष्याची वाट पाहतो. त्याचं जगणंच तशा निश्चल बसण्यावर चालतं. मनासारखा फोटो मिळावा म्हणून त्याच्या पुढची पानं तोडली, काठीने त्याला फिरवलं, तासभर डोळ्यांवर झगझगीत प्रकाश मारला की त्याची शिकारीची जागा मोडते. बेडूक उचलून ‘चांगल्या’ पानावर ठेवणारे हातही असतात. रात्री घाटरस्त्यावर वेगाने जाणाऱ्या गाड्यांखाली भेक चिरडतात, आणि त्यातल्या काही गाड्या त्या भेकांना पाहायलाच आलेल्या असतात. हे थांबायला हवं. सापाला हात न लावणारा, गाडी गावातच ठेवून चालत नेणारा स्थानिक वाटाड्या जास्त पैसे मागत असेल तर ते द्यावेत, कारण तो तेवढ्याच मोलाचं काम करतो.

पर्जन्यवनात डोळ्यांआधी कान लागतात. महाधनेश छतावरून उडतो तेव्हा तो दिसण्याच्या पुष्कळ आधी त्याच्या पंखांचा घुसघुस आवाज येतो, दुरून वाफेचं इंजिन यावं तसा. पहाटे शीळकरी कस्तूराची रेंगाळती शीळ ओढ्याच्या आवाजातून वर येते. माणसाचंच कुणी पोर वाट चुकून शिटी वाजवत असेल असं वाटतं. शेकरूचा कडकडाट, कुटुरग्यांची न थकणारी टकळी. जे दहा मिनिटं गप्प उभे राहतात त्यांना हे मिळतं. फळांनी लगडलेल्या उंबराच्या किंवा नांद्रुकीच्या झाडाखाली अर्धा दिवस काढला तर दहा किलोमीटर पायपिटीतून मिळणार नाही एवढं रान तिथे चालत येतं. महाधनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि पुढचे तीन-चार महिने नर एका फटीतून तिला फळं भरवतो. त्या ढोलीखाली पडलेल्या बिया उलगडून पाहिल्या की आसपासच्या डोंगरातली कोणती झाडं अजून फळत आहेत याची यादीच हाती येते. झाडं पक्ष्याला पोसतात, पक्षी झाडं पेरतो. हे समजायला पक्षी दिसण्याचीही गरज नाही.

अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ टेरी अर्विन यांनी पनामात एकाच जातीच्या एकोणीस झाडांच्या शेंड्यांवर कीटकनाशकाचा धूर सोडला आणि खाली पसरलेल्या कापडांवर पडलेले भुंगेरे मोजले. बाराशेच्या आसपास जाती निघाल्या. त्यावरून त्यांनी १९८२ मध्ये मांडलेला उष्णकटिबंधातल्या संधिपाद प्राण्यांच्या तीन कोटी जातींचा अंदाज पुढे बराच खाली आला. पण त्या एकोणीस झाडांखालून रोज जाणाऱ्या माणसाला वर एवढं काही आहे याचा पत्ता लागला नसता, ही गोष्ट तशीच राहिली.

पुन्हा वालपराईला यायला हवं, कारण ‘प्राणी भेटला’ या शब्दांचा अर्थ तिथे राहणाऱ्याला फार वेगळा आहे. पठारावर सत्तर हजारांच्या आसपास माणसं राहतात, बहुतेक चहाच्या मळ्यांवर कामाला. हत्ती एका रानातून दुसऱ्या रानात जाताना याच मळ्यांमधून जातात. कामावरून तिन्हीसांजेला परतणाऱ्या बाईला वळणावर हत्ती भेटणं म्हणजे मरणाची गाठ. इथे माणसं दगावली ती बहुतांशी अशा अचानक गाठ पडण्याने. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे आनंद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकाच्या सुरुवातीपासून इथे एक साधी योजना राबवली. हत्ती कुठे आहेत ते जवळच्या लोकांच्या मोबाइलवर संदेशाने कळवायचं, मोक्याच्या जागी लाल दिवे लावायचे, संध्याकाळच्या बसमध्ये घोषणा करायची. त्यासाठी कुमार यांना २०१५ मध्ये व्हिटली पुरस्कार मिळाला. या सगळ्या खटाटोपाचा उद्देश हत्ती आणि माणूस एकमेकांना दिसू नयेत हाच आहे. पर्यटक पैसे मोजून जे मागतो ते टळावं म्हणून इथली माणसं रोज मोबाइल पाहून घराबाहेर पडतात. रानाबद्दल बोलताना या दोन बाजू एकत्र ठेवल्याच पाहिजेत.

याच संस्थेच्या दिव्या मुडप्पा आणि टी. आर. शंकर रामन यांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी वालपराईत दुसरं काम हाती घेतलं, जे कुठल्याही पर्यटकाला दाखवण्याजोगं नाही. चहाच्या समुद्रात उरलेले रानाचे तुकडे घाणेरीने आणि परक्या झुडपांनी भरले होते. मळेवाल्या कंपन्यांशी बोलून त्यांनी ते तुकडे राखायला घेतले, रोपवाटिकेत शंभराहून जास्त स्थानिक जातींची झाडं वाढवली, तण काढून ती जिथल्या तिथे लावली. लावल्यानंतर सात ते पंधरा वर्षांनी मोजमाप झालं तेव्हा अशा जागांमध्ये, नुसत्या सोडून दिलेल्या जागांपेक्षा, झाडांच्या जाती आणि साठलेला कार्बन जास्त आढळला, आणि छतही दाट झालेलं होतं. छत दाट झालं म्हणजे खाली अंधार वाढला. अंधार वाढला म्हणजे येणाऱ्याला आणखी कमी दिसणार. या कामाच्या यशाचं माप तेच आहे.

पुदुत्तोट्टमच्या रस्त्यावर आता झाडांच्या शेंड्यांमध्ये ताणून बांधलेले पूल लोंबकळतात. खाली राखणदार उभे असतात. टोळी रस्त्याशी आली की ते गाड्या हळू करायला लावतात, उतरू पाहणाऱ्यांना उतरू देत नाहीत, केळी-बिस्किटं पुढे करणारे हात मागे घ्यायला सांगतात. कधी एखादी मादी पोटाशी पिलू घेऊन वरच्या वर पुलावरून पलीकडे निघून जाते. खालच्या गाडीतल्यांना तेव्हा हलणारी पानंच दिसतात.